‘पंडिता रमाबाई रानडे’ नावाची बाई कधी झालीच नाही

तीन जानेवारी जवळ आली की परभणी जिल्ह्यातल्या कुठल्या ना कुठल्या शाळेतून मला बोलावणं येतं. सावित्रीबाईंची जयंती, वक्तृत्व स्पर्धा, परीक्षक म्हणून या. सावित्रीबाईंवरची भाषणं बरी असतात. नायगाव, भिडे वाडा, १८४८, अंगावर आलेलं शेण आणि चिखल, शेवटी प्लेगच्या रोग्यांची सेवा. पोरींना सगळं तोंडपाठ असतं. गाडी घसरते ती दुसऱ्या नावावर.

यंदा आठवीतली एक मुलगी उभी राहिली. दोन वेण्या, लाल रिबिनी, आवाज असा की माइकची गरजच नव्हती. हात पुढं करून म्हणाली, “पंडिता रमाबाई रानडे यांनी न्यायमूर्ती रानडे यांच्या साहाय्याने शारदा सदनाची स्थापना केली!” टाळ्या पडल्या. मागच्या फ्लेक्सवर पांढऱ्या लुगड्यातल्या, बारीक कापलेल्या केसांच्या बाईंचा फोटो होता आणि खाली ठळक अक्षरात ‘रमाबाई रानडे’. फोटो एकीचा, नाव दुसरीचं. माझ्या शेजारचे परीक्षक मान डोलावत होते.

दोन बायका आहेत हो. दोन. एक पंडिता रमाबाई, एक रमाबाई रानडे. मराठवाड्यात तर तिसरीही आहे, आणि इथं नुसतं ‘रमाबाई’ म्हटलं की आधी तीच डोळ्यांपुढं येते: बाबासाहेबांच्या रमाई. त्यांचं घराघरात नाव आहे, घरकुलाची योजना त्यांच्या नावानं आहे, त्यांच्याबद्दल सहसा गोंधळ होत नाही. गोंधळ होतो उरलेल्या दोघींचा. त्याला आमचा इतिहासही थोडा जबाबदार आहे. त्या दोघी पुण्यात धडपडत होत्या तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि १९४८ पर्यंत राहिला. पुण्यात सभा झाली, भांडण झालं, ‘केसरी’त अग्रलेख आला, यातलं फारसं काही आमच्या पणज्यांच्या कानावर आलं नसणार. आमच्यापर्यंत हा सगळा काळ आला तो गाइडातून. आणि गाइडवाल्याला एका ओळीत दोन रमाबाई बसवायच्या असल्या की तो काय करतो, ते मी दरवर्षी ऐकते.

रानड्यांच्या रमाबाई बहुतेकांना माहीत असतात. टीव्हीवरच्या मालिकेनं तर त्या चुलीपर्यंत पोचवल्या. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची लेक, माहेरचं नाव यमुना. अकराव्या वर्षी, १८७३ साली, बिजवर महादेव गोविंद रानड्यांशी लग्न. नवऱ्यानं रात्री बसून शिकवलं, घरातल्या बायकांनी दिवसा त्याबद्दल टोमणे मारले. पुढं आठवणींचं सुंदर पुस्तक लिहिलं. एवढं पुरे.

पंडितांचं मात्र नाव ऐकलेलं असतं, माणूस ठाऊक नसतो. जन्म १८५८, कर्नाटकात, पश्चिम घाटातल्या गंगामूळला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून गावकऱ्यांशी वितुष्ट घेतलं, आणि त्याच आईनं, लक्ष्मीबाईंनी, लेकीला संस्कृत शिकवलं. सगळं घर तीर्थाटन करत, पुराणं सांगत देशभर पायी फिरलं. पुढं दुष्काळात अन्नावाचून आईवडील गेले. दुष्काळ म्हणजे काय हे आमच्याकडं समजावून सांगावं लागत नाही. उरली रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. दोघं चालत चालत १८७८ ला कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ म्हटलं, ‘सरस्वती’ म्हटलं. भाऊही वारला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी तिनं जातीबाहेर नोंदणी लग्न केलं. दोन वर्षांच्या आत पटकीनं तो गेला. तेविसाव्या वर्षी विधवा, पदरात मनोरमा नावाची तान्ही पोर.

म्हणजे ‘पंडिता’ हे आडनाव नाही, ती पदवी आहे. ‘रमाबाई पंडिता’ लिहू नका, ‘पंडित रमाबाई’ तर मुळीच लिहू नका. व्याकरण त्या बाईंना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. माहेरच्या डोंगरे, सासरच्या मेधावी. रमा हे त्यांचं जन्माचं नाव, रानड्यांच्या रमाबाईंचं ते लग्नातलं. जन्मसाली चार वर्षांचं अंतर, मृत्यू १९२२ आणि १९२४. या गोष्टी पाठ करा आणि विसरा, त्यांनी कुणाचं अडत नाही.

अडतं ते १८८२ पाशी. त्या वर्षी या दोघी खरोखरच एका खोलीत बसलेल्या सापडतात. नवरा गेल्यावर पंडिता पुण्याला आल्या. रानडे, भांडारकर या मंडळींनी त्यांचं स्वागत केलं. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि रानड्यांच्या रमाबाई त्याच्या बैठकांना जाऊ लागल्या. मिस हरफर्ड नावाच्या बाईंकडं दोघीही इंग्रजी शिकल्या. १८८३ ला पंडिता विलायतेला गेल्या, समाजाचं काम रानड्यांच्या रमाबाई आणि त्यांच्या मैत्रिणींनी पुढं चालवलं. त्यामुळं तलाठी भरतीपासून राज्यसेवेपर्यंत कुठंही ‘आर्य महिला समाजाची स्थापना’ आलं की उत्तर पंडिता रमाबाई. ज्यांनी चालवला त्यांचं श्रेय मोठं आहे, पण स्थापना त्यांची नाही. सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढं साक्ष देऊन स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात असं सांगितलं, त्याही पंडिताच, साल तेच. उलट १८८४ ला पुण्यात मुलींसाठी हायस्कूल हवं म्हणून गव्हर्नरापुढं इंग्रजीत भाषण वाचलं ते रानड्यांच्या रमाबाईंनी. त्यातून हुजूरपागा उभी राहिली. त्या वेळी पंडिता इंग्लंडात होत्या, त्यामुळं हुजूरपाग्याशी त्यांचं नाव जोडणाऱ्यानं निदान बोटीचा प्रवास तरी मोजावा.

आता मुद्द्याचं. माझं मत असं की हा गोंधळ नावं सारखी असल्यामुळं होतच नाही. नावं सारखी असलेली माणसं आपल्याकडं ढीगभर आहेत, म्हणून दर वेळी कुणी चुकत नाही. हा गोंधळ होतो एक वाक्य गाळल्यामुळं.

ते वाक्य असं: सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथं पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

शाळेतल्या भाषणात हे वाक्य कधी ऐकलंय? मी वीसेक वर्षांत दोनदा ऐकलं. मास्तर लोक ते काढून टाकतात. कुणाला अवघड वाटतं, कुणाला गावात चर्चा नको असते, कुणाला खरंच वाटतं की शिक्षणाचा आणि धर्माचा काय संबंध. हे वाक्य काढलं की पंडितांचं पुढचं सगळं चरित्र हवेत तरंगायला लागतं. अमेरिकेतून पैसा का आला? रानडे आधी सोबत होते ते मग बाजूला का झाले? पुणं सोडून त्या केडगावला का गेल्या? एकालाही उत्तर उरत नाही. मग बोलणारा त्या रिकाम्या जागेत ओळखीचं काहीतरी भरतो, आणि ‘रमाबाई’ नावापुढं ओळखीचं काय? न्यायमूर्ती रानडे. झाली पंडिता रमाबाई रानडे तयार.

आणि याचं सगळ्यात मोठं बळी म्हणजे ती दोन ‘सदनं’.

शारदा सदन पंडितांचं. इंग्लंडातून त्या १८८६ ला अमेरिकेत गेल्या; आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभाला हजर होत्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगाव भाषणं केली, बॉस्टनला त्यांच्या मदतीसाठी मंडळ निघालं. त्या पैशावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. ही राहण्याची शाळा होती. बालविधवांनी इथं राहायचं, जेवायचं, शिकायचं. इथं कुणालाही बाटवायचं नाही हे ठरलेलं होतं, आणि म्हणूनच रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळात होते. त्या मुलीच्या भाषणातलं ‘न्यायमूर्तींच्या साहाय्याने’ इथून आलेलं. तेवढं अर्धवट खरं आहे.

पुढं वांधा झाला. पंडिता आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, काही मुली आपणहून येऊन बसत. पुण्यात बोभाटा झाला. ‘केसरी’नं झोडपलं. दार बंद करा म्हटलं तर बाई ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या: मी कुणाला बोलावत नाही, आणि येणाऱ्याला हाकलणारही नाही, अशी त्यांची भूमिका. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घेतलं असतं तर संस्था वाचली असती असं म्हणणारे आजही भेटतात. मला ते पटत नाही. दार लावणारी बाई कलकत्त्यापर्यंत पायी गेली नसती. धर्मांतराबद्दल तेव्हा महाराष्ट्रात एकच सूर होता असंही समजू नका. जोतीराव फुल्यांनी आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेत पंडितांची बाजू घेतली होती. सावित्रीबाईंच्या जयंतीला पंडितांवर बोलणाऱ्यांनी निदान हे तरी सांगावं. याच शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ ला पुनर्विवाह केला, आणि तीन वर्षांनी कर्व्यांनी स्वतःचा विधवाश्रम काढला. म्हणजे सदनाची पुण्याई वाया गेली नाही, ती दुसऱ्या घरी नांदायला गेली.

सेवासदन रानड्यांच्या रमाबाईंचं, आणि ते पुण्यात सुरू झालं १९०९ ला. वीस वर्षांचं अंतर. न्यायमूर्ती १९०१ लाच गेले होते, त्यामुळं सेवासदनाच्या संदर्भातही ‘न्यायमूर्तींच्या साहाय्याने’ म्हणता येत नाही. इथं अमेरिकेचा पैसा नाही, धर्माचा वाद नाही. गोपाळ कृष्ण देवधर सोबतीला, ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले.  घरच्या बायकांनी दुपारी यावं, लिहायला शिकावं, शिवण शिकावं, नर्सिंगचं, शिक्षिकेचं शिक्षण घ्यावं आणि चार पैसे मिळवावेत, असा सरळ हिशेब. पंडितांच्या सदनात बाई घर सोडून यायची. सेवासदनात घर सांभाळून येता यायचं. मला जवळच्या वाटतात त्या पंडिता, हे लपवत नाही. पण माझी आई दुपारच्या शिवणवर्गात जाऊन पुढं बालवाडीची बाई झाली. घर न मोडता बाहेर पडायची ती वाट रानड्यांच्या रमाबाईंची. म्हणून त्यांना नुसतं ‘न्यायमूर्तींच्या पत्नी’ म्हणून उरकणाऱ्यांचाही मला तितकाच राग येतो. त्यांचं सगळ्यात मोठं काम नवरा गेल्यानंतरचं आहे.

माझ्या विद्यार्थ्यांना मी एक खूण देते. कलकत्त्यात जिला ‘सरस्वती’ म्हटलं, तिनं शारदेचं घर बांधलं. शारदा म्हणजे सरस्वतीच. एवढं डोक्यात बसलं की सदनं चुकत नाहीत.

केडगावचंही सांगते, कारण तिथं आमच्याकडचे हमखास फसतात. बीडहून, संभाजीनगरहून पुण्याला जाणारी एसटी नगरवरून जाते आणि नगर सोडताना केडगाव लागतं. पंडितांच्या मुक्ती मिशन संस्थेचं केडगाव हेच, असं शेजारच्या प्रवाशाला सांगणारे गुरुजी मी ऐकलेत. ते हे नव्हे. पंडितांचं केडगाव दौंड तालुक्यातलं. नांदेड-लातूरकडून पुण्याला रेल्वेनं गेलात तर दौंडच्या पुढं स्टेशनचा पिवळा फलक दिसतो. तिथं १८९८ ला मुक्ती सदन उभं राहिलं. १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन पंडितांनी उपाशी मुली, विधवा गोळा करून आणल्या, पुढं गुजरातच्या दुष्काळातल्याही. शेती, विणकाम, मुलींनीच चालवलेला छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेल. आता जातीची अट उरली नव्हती. सेवासदन सुरू झालं तेव्हा पंडितांना केडगावात दहा वर्षं उलटून गेली होती.

स्पर्धा संपल्यावर त्या लाल रिबिनीवालीला मी बाजूला घेतलं आणि हे सगळं थोडक्यात सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मग हातातला घामानं ओला झालेला कागद उलगडला. अक्षर तिचं नव्हतं, मोठ्या माणसाचं होतं. म्हणाली, “मॅडम, मंग माझं भाषण कोन्या रमाबाईचं झालं?”

आम्ही दोघी पायरीवर बसून लाल पेनानं खुणा करत गेलो. अकरा वाक्यं होती. पाच पंडितांची, पाच रानड्यांच्या रमाबाईंची. शेवटच्या वाक्यात निधनाची तारीख होती, २७ मे १९३५. ती रमाईंची.