भारी पोलाद, तरीही तडा

भुसावळ-जळगावकडच्या वेल्डिंगच्या दुकानांत एक समज पक्का बसलाय: पोलाद जास्त ताकदीचं घेतलं की जोडाला तडा जात नाही. केळीच्या ट्रॉलीला आणि तापीवरच्या पुलाला एकच न्याय. हे चूक आहे.

एकदाच प्रचंड भार आला तर भारी पोलाद तग धरतं, मान्य. पण थकव्याचा तडा लाखो वेळा येणाऱ्या-जाणाऱ्या साध्या भारातूनच वाढतो. वेल्डची कड पत्र्याला मिळते तिथे बारीक खाच असते, शिवाय गार होताना धातूत ताण अडकून राहतो. तिथे पोलादाच्या ताकदीचा जवळपास उपयोग नाही. बघायचं ते प्रत्येक गाडीगणिक ताण किती वरखाली होतो हे. तो चढउतार दुप्पट झाला, तर आयुष्य साधारण आठव्या हिश्श्यावर येतं!

‘किरकोळ’ वेल्डही किरकोळ नसतो. १९८० साली उत्तर समुद्रात अलेक्झांडर किलंड हा तेल कामगारांच्या राहण्याचा तरंगता मंच उलटून १२३ माणसं गेली. सुरुवात एका उपकरणाचा आधार जोडणाऱ्या ६ मिलिमीटरच्या वेल्डपासून झाली होती.

तडा दिसला की वरून वेल्ड मारून झाकायचा, हा आपला आवडता उपाय. त्याने नवी खाच तेवढी तयार होते. आधी रंग काढून चुंबकीय कणांनी तड्याचं टोक शोधा; पोलाद चुंबकित केलं की लोखंडाची बारीक पूड तड्यावर गोळा होते. तिथे भोक पाडलं तर तडा निदान काही काळ थांबतो.