‘एंटायर’चा गुंता : संगणकशास्त्र पदवीच्या फेररचनेची पार्श्वभूमी

कोल्हापुरात १९६२ साली विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा संगणकशास्त्राची पदवी कोणाच्या गावीही नव्हती. पुढे हा विषय बी.एस्सी.च्या इतर विषयांबरोबर शिकवला जाऊ लागला आणि त्यातून सर्वस्वी संगणकाला वाहिलेला जो अभ्यासक्रम वेगळा झाला, त्याला ‘एंटायर’ हे बिरूद चिकटले. बोलीत त्याला नुसते ‘बीसीएस’ म्हणतात. वास्तविक त्यातही पहिल्या वर्षांत गणित, संख्याशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स होतेच. त्यामुळे अभ्यासक्रम बदलायची वेळ आली की चर्चा विद्यार्थ्याच्या गरजेपेक्षा कोणत्या विषयाचे किती तास राहणार याभोवतीच अधिक फिरली.

तासांच्या या वादात शिकवण्याची साधने जुनीच राहिली, आणि याची झळ प्रयोगशाळेत दिसते. सी++ या प्रोग्रामिंग भाषेचे प्रमाणीकरण १९९८ साली झाले, तरी निळ्या पडद्याच्या टर्बो सी++ या जुन्या कंपायलरवरचा (प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरवरचा) सराव अनेक ठिकाणी त्यानंतरही वर्षानुवर्षे चालू राहिला. जर्नलमध्ये, म्हणजे प्रात्यक्षिकांच्या वहीत, सुवाच्य अक्षरात उतरवलेला, परीक्षकांनी सही केलेला प्रोग्राम नव्या कंपायलरवर पहिल्याच ओळीतल्या ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ या प्रमाणीकरणाआधीच्या जुन्या फाइलनावापाशी अडतो, आणि मराठी माध्यमातून आलेली चंदगड किंवा गगनबावड्याची मुलगी चूक आपलीच समजते. ती चूक तिची नसते.

सर्वाधिक वादग्रस्त ठरला तो २०२४-२५ पासूनचा निर्णय. तंत्रशिक्षणाच्या राष्ट्रीय नियामक परिषदेने बीसीए हा संगणक उपयोजनाचा पदवी अभ्यासक्रम आपल्या कक्षेत घेतला आणि राज्यात त्याच्या प्रवेशासाठी सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, आली, बी.एस्सी. संगणकशास्त्र मात्र त्याबाहेर राहिले. डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, प्रोग्रामिंग दोन्हीकडे शिकवले जात असताना एकाला प्रवेश परीक्षा आणि दुसऱ्याला नाही, हे बारावीच्या पालकाला समजावणे कठीण होते. दर्जा सांभाळण्याचा हेतू मान्य केला, तरी परीक्षेची माहितीच वेळेत न पोहोचलेल्या खेड्यातल्या मुलांचे नुकसान झाले आणि त्याच वर्षी सीईटी पुन्हा घ्यावी लागली.

आता नव्या शैक्षणिक धोरणातील मेजर-मायनरच्या, म्हणजे एक मुख्य आणि एक दुय्यम विषय घेण्याच्या, चौकटीत ‘एंटायर’ बसवताना कोणत्या विषयाला किती तास हा जुनाच प्रश्न वर आला आहे. ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण, हा त्यातला खरा उपयोगी भाग आहे. त्यासाठी प्रत्येकाला पुण्याची वाट धरणे परवडत नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रींमध्ये, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांत, कास्टिंगच्या नोंदी, साठा आणि जॉबवर्कचा (दुसऱ्यांसाठी करून दिलेल्या कामाचा) हिशेब यांसाठी लागणारे डेटाबेसचे काम मात्र एस.टी.च्या पासावर पोहोचण्याइतके जवळ आहे.