क्वेकर मीटिंग

क्वेकर मीटिंग : ‘रिलिजस सोसायटी ऑफ फ्रेंड्स’ या ख्रिस्ती पंथाची स्थानिक मंडळी. ही मंडळी एकत्र बसून जी उपासना करते तिलाही मीटिंगच म्हणतात आणि कारभारासाठी बसते तेव्हाही शब्द तोच. पंथाचे लोक स्वतःला ‘फ्रेंड्स’ म्हणजे मित्र म्हणवतात. ‘क्वेकर’, म्हणजे थरथरणारे, ही मुळात टिंगल होती. पंथाचा प्रवर्तक जॉर्ज फॉक्स (1624–1691) याने 1650 साली डर्बी येथील एका न्यायाधीशाला ‘देवाच्या शब्दापुढे थरथर काप’ असे सुनावले, त्यावरून त्या न्यायाधीशाने हे नाव चिकटवले. पुढे पंथानेही ते मुकाट्याने स्वीकारले.

फॉक्सचे सांगणे थोडक्यात असे : प्रत्येक माणसात ईश्वराचा काही अंश आहे, त्याचा प्रकाश आतूनच मिळतो आणि त्यासाठी मध्यस्थाची गरज नाही. हे आपल्याकडच्या संतपरंपरेत वाढलेल्या वाचकाला ओळखीचे वाटेल. पण सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये त्याची किंमत तुरुंगवासाने मोजावी लागली. 1662 आणि 1664 च्या कायद्यांनी अशा सभा गुन्हा ठरवल्या. 1682 मध्ये ब्रिस्टल शहरातील प्रौढ क्वेकर तुरुंगात गेले, तेव्हा मागे राहिलेल्या मुलांनी मार खाऊनही मीटिंग चालू ठेवली. 1689 च्या कायद्याने सभांना मुभा मिळाली.

जुन्या पद्धतीच्या मीटिंगमध्ये पाद्री नसतो, वेदी नसते, ठरलेली प्रार्थनाही नसते. साध्या खोलीत बाकांवर लोक येऊन बसतात आणि सुमारे तासभर शांत राहतात. हे एकट्याचे ध्यान नव्हे. सर्वांनी मिळून वाट पाहणे आहे. कुणाला आतून बोलावेसे वाटले, स्त्री असो वा पुरुष, तर त्याने उठावे, थोडक्यात बोलावे आणि बसावे. त्यावर उत्तर द्यायचे नाही, वाद घालायचा नाही. पुढचा माणूसही लगेच उठत नाही. मध्ये पुन्हा शांतता जाऊ देतात. एखाद्या रविवारी कुणीच बोलत नाही, आणि ती उपासना अपुरी मानली जात नाही. गाण्याची मैफल जमते तशी मीटिंगही ‘जमते’. इंग्रजीतही फ्रेंड्स जवळपास हाच शब्द वापरतात. ती जमते की नाही, हे बसलेल्यांनाच कळते. शेवटी दोन ज्येष्ठ हस्तांदोलन करतात, मग सगळे शेजाऱ्यांशी करतात, आणि उपासना संपते.

लग्नही याच शांततेत लागते. वधूवर उठून एकमेकांना वचन देतात, लग्न लावणारा कुणी नसतो, आणि हजर असलेले सर्वजण, लहान मुलेसुद्धा, प्रमाणपत्रावर सह्या करतात.

कारभाराची सभा ही उपासनाच मानली जाते, म्हणून तिथे मतदान होत नाही. सभा चालवणाऱ्याला ‘क्लार्क’ म्हणतात. शब्द कारकुनाचा असला तरी काम कठीण आहे : सर्वांचे ऐकून सभेचा कल कुठे आहे हे ओळखायचे, आणि ठराव तिथल्या तिथे लिहून वाचून दाखवायचा. सभेला तो पटला तर मंजूर, नाहीतर विषय पुढच्या वेळी. स्थानिक मीटिंगच्या वर मासिक, त्रैमासिक आणि वार्षिक सभा अशी पारंपरिक उतरंड आहे.

या पद्धतीचे बळ आणि दुबळेपण दोन्ही गुलामगिरीच्या प्रश्नात दिसले. 1688 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउनमध्ये चौघांनी गुलामगिरीविरुद्ध निवेदन लिहिले. मासिक सभेने विषय फार वजनदार म्हणून त्रैमासिक सभेकडे पाठवला, तिने वार्षिक सभेकडे, आणि वार्षिक सभेने तो बाजूला ठेवला. सरकारी फाइलही याहून वेगळी फिरत नाही. अनेक सभासदांकडे स्वतःचेच गुलाम होते, हे त्यामागचे उघड कारण. जॉन वूलमन (1720–1772) या अमेरिकन क्वेकराने तरुणपणी मालकाच्या सांगण्यावरून एका गुलाम स्त्रीच्या विक्रीचा कागद लिहिला होता. ती टोचणी त्याला सोडेना. तो गावोगाव जाऊन गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांच्या घरी उतरे, त्यांच्याशी शांतपणे बोले, आणि सेवा केलेल्या गुलामांसाठी पैसे ठेवून निघे. 1758 मध्ये फिलाडेल्फिया वार्षिक सभेने अशा घरांना भेटी देण्यासाठी समिती नेमली. वूलमन तिच्यात होता. 1776 मध्ये गुलाम बाळगणाऱ्यांना सभासदत्वातून काढण्याचे ठरले. निवेदनानंतर 88 वर्षे गेली होती. लंडनमध्ये 1787 साली गुलामव्यापाराविरुद्ध स्थापन झालेल्या समितीच्या 12 संस्थापकांपैकी 9 क्वेकर होते. तरीही फिलाडेल्फियाच्या आर्च स्ट्रीट मीटिंगमध्ये कृष्णवर्णीयांसाठी वेगळे बाक राहिले. सारा मॅप्स डग्लस या कृष्णवर्णीय शिक्षिकेने त्याविषयी कडवटपणे लिहून ठेवले आहे. पंथाच्या गौरवकथांत हे बाक सहसा येत नाहीत.

समतेचा आग्रह बोलीतही होता. त्या काळच्या इंग्रजीत थोरांना ‘तुम्ही’ आणि बरोबरीच्यांना वा खालच्यांना ‘तू’ म्हणत. क्वेकरांनी न्यायाधीशापासून जमीनदारापर्यंत सर्वांना ‘तू’ म्हटले आणि कुणापुढे टोपी काढली नाही. यातला उद्धटपणा समजायला मराठी माणसाला टीप लागणार नाही. कोर्टात शपथ घ्यायलाही ते नकार देत : शपथेवर खरे बोलायचे, तर एरवी काय? दुकानातही घासाघीस न करता एकच भाव सांगत.

युद्धाला नकार हे पंथाचे सर्वांत ठाऊक असलेले व्रत. 1661 मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाला दिलेल्या निवेदनात ते स्पष्ट मांडले आहे. पहिल्या महायुद्धात अनेक क्वेकर तरुणांनी बंदूक नाकारून रुग्णवाहिका पथकात काम केले, काहींनी तुरुंग पत्करला. काही सैन्यातही गेले. 1947 चे शांततेचे नोबेल पारितोषिक ब्रिटन आणि अमेरिकेतील दोन क्वेकर सेवासंस्थांना मिळाले.

आज सर्वाधिक क्वेकर केनियात आहेत. तिथल्या मीटिंगमध्ये पाद्री, प्रवचन आणि जोरदार गाणी असतात. मौनाची वर दिलेली पद्धत मुख्यतः ब्रिटन आणि अमेरिकेच्या काही भागांत टिकून आहे.

भारतात रेचेल मेटकाफ ही पहिली ब्रिटिश क्वेकर मिशनरी 1866 मध्ये आली. पुढे नर्मदाकाठी होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) परिसरात पंथाचे काम रुजले. ब्रिटिश क्वेकर हॉरेस अलेक्झांडर 15 ऑगस्ट 1947 ला कलकत्त्यात गांधीजींबरोबर होते. मार्जरी साइक्स या क्वेकर शिक्षिकेने वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहून नई तालीम या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीचे शिक्षक घडवले. होशंगाबादजवळच्या रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटरने किशोर भारती संस्थेबरोबर 1972 मध्ये 16 उच्च प्राथमिक (मिडल) शाळांत विज्ञानशिक्षणाचा प्रयोग सुरू केला. त्यात मुले पाठांतराऐवजी स्वतः प्रयोग करून उत्तर शोधत.