वीज गेली आणि पान अर्धंच लिहिलं गेलं

मायएसक्यूएल या डेटाबेसचा सर्व्हर सुरू होतो, लगेच कोसळतो, आणि एरर लॉगमध्ये एखाद्या पानाचा चेकसम (मजकूर शाबूत आहे का हे तपासणारा आकडा) जुळत नसल्याची तक्रार दिसते. अशा वेळी पुन्हापुन्हा रीस्टार्ट करू नका.

मायएसक्यूएलचं नेहमीचं स्टोरेज इंजिन, इनोडीबी, नोंदी १६ केबीच्या पानांत ठेवतं. फाइल सिस्टिम बहुधा ४ केबीचे तुकडे लिहिते. चारांपैकी दोन तुकडे उतरले आणि वीज गेली, की पान अर्धं नवं, अर्धं जुनं. रीडू लॉग, म्हणजे कोसळल्यावर बदल पुन्हा चढवण्यासाठी ठेवलेली नोंदवही, इथे पुरत नाही. त्यात पानातले बदल असतात, अख्खं पान नसतं, आणि बदल चढवायला आधी पान धड लागतं. म्हणून इनोडीबी प्रत्येक पान आधी 'डबलराइट बफर'मध्ये लिहितं, मग जागेवर, म्हणजे एक प्रत तरी धड राहते. वेगापायी ही सोय बंद करणारे महाभाग असतातच. अर्थात डिस्क किंवा रॅमच खराब असेल तर डबलराइटचाही उपयोग नाही.

पहिलं काम: सर्व्हर बंद करून अख्ख्या डेटा डिरेक्टरीची, रीडू लॉगसकट, दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्या. 'लॉग फाइली उडवा, चालू होईल' हा सल्ला सर्रास मिळतो. ऐकू नका, पक्के झालेले शेवटचे व्यवहार कदाचित फक्त तिथेच असतील. टेबल दुरुस्त करायची 'रिपेअर टेबल' ही आज्ञाही इनोडीबीवर चालत नाही.

धड बॅकअप आणि त्यानंतरचे सगळे बायनरी लॉग (डेटातल्या प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद) हाताशी असतील तर बॅकअप चढवून लॉग चालवा, सुटलात.

नसतील तर प्रतीवर काम करा. कॉन्फिग फाइलमध्ये 'इनोडीबी फोर्स रिकव्हरी' हे बिघाड असतानाही सर्व्हर उठवणारं सेटिंग १ ठेवा. सर्व्हर उठला नाही तर २, मग ३. तीनवर अर्धवट व्यवहार मागे घेतले जात नाहीत. चारपासून पुढे फाइलींचं कायमचं नुकसान होऊ शकतं.

आता एकेक टेबल मायएसक्यूएलडंप या डेटा फाइलीत उतरवणाऱ्या साधनाने काढा. एखादं मध्येच अडलं तर प्रायमरी कीनुसार (प्रत्येक नोंदीचा वेगळा क्रमांक) तुकड्यांत वाचा: ५०,००० पर्यंत निघालं आणि १,००,००० पर्यंत अडलं, तर ७५,००० पर्यंत बघा. असं निम्मं निम्मं करत खराब जागेपाशी या, मग शेवटाकडून उलट्या क्रमाने उरलेलं घ्या. दर अडखळीला सर्व्हर पुन्हा कोसळू शकतो, चिकाटी लागते. बिघाड फक्त दुय्यम इंडेक्समध्ये (शोध जलद करणारी वेगळी सूची) निघाला तर नशीब, नोंदी शाबूत असतात.

डंप नव्या, कोऱ्या डेटा डिरेक्टरीत भरा. त्याआधी फोर्स रिकव्हरी शून्यावर आणा. ती चालू असताना इन्सर्ट होत नाही.