डिस्क पोहोचली, मशीन उठली नाही : व्हीएम स्थलांतरातल्या बूट अडचणींची पार्श्वभूमी

व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरनं उभा केलेला आभासी संगणक) एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर नेली की तिच्या डिस्कमधला डेटा बहुतेक वेळा शाबूत असतो, तरीही ती सुरू होत नाही. कुठे काळ्या पडद्यावर ‘बूट करण्याजोगं उपकरण सापडलं नाही’ असा संदेश येतो, कुठे विंडोजचा निळा पडदा, तर कुठे लिनक्सचा आणीबाणीचा शेल (आज्ञा टाइप करायचा पडदा). पाहणाऱ्याला वाटतं की कॉपी करताना फाइल बिघडली. मग तोच काही टेराबाइटचा खटाटोप पुन्हा सुरू होतो आणि पुन्हा तेच घडतं. हा वेळ वाया जातो याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण दोष फाइलमध्ये क्वचितच असतो. मशीन सुरू होण्यासाठी लागणारी माहिती फक्त डिस्कवर कधीच नव्हती. थोडी फर्मवेअरमध्ये (यंत्र चालू होताच सर्वांत आधी धावणाऱ्या, यंत्रातल्याच सॉफ्टवेअरमध्ये) असते, आणि थोडी ‘समोर अमुकच हार्डवेअर असेल’ या गृहीतकात असते. ही गृहीतकं केव्हा आणि का घातली गेली हे कळलं, की पडद्यावरचा संदेश पाहून कुठे हात घालायचा ते सुचतं.

व्हर्च्युअल मशीनची कल्पना पीसीपेक्षा जुनी. आयबीएमनं १९७२ मध्ये व्हीएम/३७० जाहीर केलं. तिथे हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर एकाच कंपनीचं होतं आणि आभासी यंत्र हे खऱ्या यंत्राचीच प्रतिमा असायचं, त्यामुळे आजचा हा प्रश्न त्या जगात फारसा उभाच राहिला नाही.

पीसीचं तसं नव्हतं. १९८१ च्या आयबीएम पीसीत बायोस, म्हणजे पीसीचं फर्मवेअर, डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर मेमरीत घ्यायचा आणि त्यावर उडी मारायचा. १९८३ मध्ये पीसी डॉस २.० बरोबर हार्ड डिस्कसाठी मास्टर बूट रेकॉर्ड आला. त्यात ४४६ बाइट कोडला, ६४ बाइट चार पार्टिशनांच्या तक्त्याला आणि शेवटचे २ बाइट खुणेला. एवढ्याशा जागेत काही शहाणपण मावत नाही. म्हणून हा कोड डिस्क वाचायला बायोसच्याच सेवा वापरतो आणि पुढच्या मोठ्या लोडरला बोलावतो.

यातूनच एक गोष्ट ठरून गेली, आणि आजच्या निम्म्या अडचणींचं मूळ तिथे आहे. सुरुवातीला डिस्क वाचतं ते फर्मवेअर. पण कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सुरू झाला की फर्मवेअरचा हात सुटतो, आणि त्यानंतर तीच डिस्क कर्नलला स्वतःच्या ड्रायव्हरनं (उपकरणाशी बोलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमनं) वाचावी लागते. म्हणजे एकाच डिस्कचे दोन वाचक, एकामागून एक. पहिला यशस्वी झाला म्हणून दुसरा होईलच असं नाही. ग्रबचा, म्हणजे लिनक्सच्या बूट लोडरचा, मेनू दिसतो, कर्नलच्या ओळी धावतात, आणि मग ‘रूट डिस्क सापडत नाही’ असं येतं, ते यामुळेच. ग्रबनं डिस्क वाचली ती नव्या फर्मवेअरच्या मदतीनं. कर्नलकडे मात्र नव्या कंट्रोलरचा (डिस्क ज्याला जोडलेली असते त्या उपकरणाचा) ड्रायव्हर नाही.

१९९९ मध्ये पीसीवर व्हर्च्युअल मशीन चालवणारं व्हीएमवेअर वर्कस्टेशन आलं, तेव्हा ही अडचण हुशारीनं टाळलेली होती. त्यांनी इंटेलचा ४४०बीएक्स चिपसेट, बसलॉजिकचा स्कझी (डिस्क जोडायची एक पद्धत) कंट्रोलर, एएमडीचं नेटवर्क कार्ड अशा खऱ्या, खपलेल्या हार्डवेअरची नक्कल केली, कारण त्यांचे ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टिमांमध्ये आधीच होते. २००३ मध्ये फाब्रिस बेलार यांनी क्यूईएमयू हे तसंच सॉफ्टवेअर आणलं, त्यातही इंटेलच्याच ४४०एफएक्स घराण्याचा चिपसेट आणि डिस्क जोडायच्या जुन्या आयडीई पद्धतीचा साधा कंट्रोलर. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीच्या पहिल्या पिढीतल्या मशीनचाही चेहरा असाच जुना. सगळ्यांनी हीच वाट धरून ठेवली असती तर एका प्लॅटफॉर्मवरची डिस्क दुसरीकडे बऱ्यापैकी सुखानं उठली असती.

पण नक्कल महाग पडते. जुन्या कंट्रोलरच्या प्रत्येक रजिस्टरला हात लावला की प्रोसेसरला थांबून हायपरव्हायजरकडे (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) जावं लागतं, आणि एका डिस्क-वाचनात असे हेलपाटे बरेच होतात. म्हणून पाहुण्या (व्हर्च्युअल मशीनमधल्या) सिस्टिमला ‘तू आभासी आहेस’ हे सरळ सांगायचं आणि मधली सोंगं टाकून द्यायची, असा विचार पुढे आला. २००३ मध्ये झेन या हायपरव्हायजरनं तो मांडला. फेब्रुवारी २००७ मध्ये केव्हीएम (लिनक्सचा स्वतःचा हायपरव्हायजर) लिनक्स कर्नलच्या २.६.२० आवृत्तीत दाखल झालं. रस्टी रसेल यांचं व्हर्टआयओ, म्हणजे अशाच सरळ आभासी उपकरणांचा संच, २००८ च्या जानेवारीत २.६.२४ मध्ये आलं. मायक्रोसॉफ्टनं हायपर-व्हीसाठी व्हीएमबस ही तशीच वाट केली, व्हीएमवेअरनं २००९ च्या व्हीस्फिअर ४ मध्ये पीव्हीस्कझी हा डिस्क कंट्रोलर दिला. वेग खूप वाढला. पण प्रत्येकाचं उपकरण वेगळं आणि ड्रायव्हरही वेगळा. आज स्थलांतरात जे अडतं ते बव्हंशी या दोन-तीन वर्षांत रुजलं.

विंडोजवर याची खूण म्हणजे ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’, ज्याला अॅडमिन मंडळी नुसतं ‘७बी’ म्हणतात. विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगच्या कोठारात) प्रत्येक ड्रायव्हरपुढे तो केव्हा सुरू करायचा याचा आकडा असतो. शून्य म्हणजे बूटच्या क्षणी. लोडर शून्य आकड्याचेच ड्रायव्हर कर्नलबरोबर मेमरीत घेतो. नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर त्या यादीत नसेल, तर तो डिस्कवर असून उपयोग नाही, कारण डिस्क उघडायलाच तो हवा. एक्सपी आणि सर्व्हर २००३ च्या काळात तर ड्रायव्हर असूनही भागायचं नाही. कोणत्या पीसीआय (हार्डवेअर ओळख) क्रमांकाच्या उपकरणाला तो लावायचा याची नोंद ‘क्रिटिकल डिव्हाइस डेटाबेस’ या किल्लीखाली लागायची. मायक्रोसॉफ्टनंच आयडीईसाठी अशा नोंदींची तयार रजिस्ट्री फाइल दिली होती आणि ती वर्षानुवर्षं हातोहात फिरत राहिली. त्याच पिढीत एका प्रोसेसरचं आणि अनेक प्रोसेसरचं ‘हॅल’ (हार्डवेअरशी जोडणारा विंडोजचा थर) वेगळं असायचं. तो जाच व्हिस्टापासून बराच कमी झाला.

आजही केव्हीएमवर विंडोज नेताना व्हर्टआयओचे ड्रायव्हर बाहेरूनच द्यावे लागतात, विंडोजच्या मूळ संचात ते नाहीत. त्यावरची रूढ तोड अशी. बूट डिस्क आधी साटा (आयडीईची पुढची पिढी) किंवा आयडीईवर जोडायची, म्हणजे विंडोज उठतं. सोबत एक छोटी रिकामी डिस्क व्हर्टआयओवर लावायची. उपकरण दिसलं की त्याचा ड्रायव्हर बसवायचा, मशीन बंद करायची, आणि मग बूट डिस्कही व्हर्टआयओवर न्यायची. इथे अनेकांची गफलत होते. व्हर्टआयओचे डिस्क ड्रायव्हर दोन आहेत, ब्लॉकचा वेगळा आणि स्कझीचा वेगळा. रिकामी डिस्क ब्लॉकवर लावली आणि बूट डिस्क स्कझीवर नेली, की ७बी पुन्हा हजर. सगळं बरोबर करूनही तो आलाच, तर एकदा सेफ मोडमध्ये बूट करून पाहावं. सेफ मोडमध्ये ड्रायव्हर सक्रिय होतो, आणि त्यानंतर साधं बूट चालायला लागल्याचा अनुभव पुष्कळांना आहे.

लिनक्समध्ये हेच दुखणं इनिट्रॅमएफएसमध्ये लपलेलं असतं. रूट फाइल सिस्टिम उघडण्यापूर्वी लागणारे ड्रायव्हर या छोट्या संग्रहात बांधून ठेवलेले असतात. त्यात काय बांधायचं यावर दोन मतं पडली. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स वितरणांनी ‘बहुतेक सगळं घ्या’ हे धोरण ठेवलं. २००९ मध्ये फेडोरा १२ या वितरणाबरोबर हा संग्रह बांधणारं ड्रॅकट आलं आणि पुढे रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ मध्ये त्याची ‘होस्ट-ओन्ली’ पद्धत रूढ झाली : या यंत्राला लागतात तेवढेच ड्रायव्हर घ्या, बाकी वगळा. त्यानं संग्रह लहान झाला, बूट जलद झालं. मात्र व्हीएमवेअरवर बांधलेल्या संग्रहात पीव्हीस्कझीचा ड्रायव्हर राहिला आणि व्हर्टआयओचा गळला. माझ्या मते सर्व्हरसाठी ही काटकसर चुकीची होती. वाचलेले काही मेगाबाइट आणि स्थलांतराच्या रात्री बंद पडलेला डेटाबेस यांची तुलनाच होत नाही.

सुदैवानं त्याच आवृत्तीत बूट मेनूच्या तळाशी ‘रेस्क्यू’ नावाची नोंदही आली, आणि तिच्या संग्रहात सगळे ड्रायव्हर असतात. नव्या प्लॅटफॉर्मवर मशीन ड्रॅकटच्या आणीबाणी शेलवर अडली की आधी ही नोंद निवडावी. मशीन उठते. मग संग्रह पुन्हा बांधायचा, पण जरा जपून. ड्रॅकटला नुसतं ‘पुन्हा बांध’ म्हटलं तर ते सध्या चालू असलेल्या कर्नलचाच संग्रह बांधतं. रेस्क्यूचा कर्नल हा बहुधा इन्स्टॉलेशनच्या दिवशीचा, जुना असतो. रोजच्या कर्नलचा संग्रह तसाच राहतो आणि रीस्टार्टनंतर पुन्हा तोच शेल समोर येतो. म्हणून ‘रिजनरेट-ऑल’ हा पर्याय द्यावा किंवा हव्या त्या कर्नलची आवृत्ती लिहावी, आणि सोबत होस्ट-ओन्ली बंद करावं. मशीन हलवण्यापूर्वी जुन्याच जागी हे केलं, तर शेल पाहायची वेळच येत नाही.

नावांचा घोळ याला जोडूनच येतो. आयडीई डिस्कला एचडीए, स्कझीला एसडीए, झेनमध्ये एक्सव्हीडीए, व्हर्टआयओ ब्लॉकला व्हीडीए. २००७ च्या आसपास लिनक्स लिबएटा या नव्या डिस्क-ड्रायव्हर संचाकडे वळताना खऱ्या यंत्रांवरही एचडीएचं एसडीए झालं, आणि एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) नाव लिहून ठेवलेल्या मशीन आडव्या झाल्या. त्याच सुमारास वितरणं लेबल आणि यूयूआयडीकडे (डिस्कच्या न बदलणाऱ्या ओळख क्रमांकाकडे) वळली. आज रूट डिस्क यूयूआयडीनं किंवा एलव्हीएमनं (डिस्कच्या जागेला नावं देणाऱ्या थरानं) ओळखली जाते, म्हणून हे दुखणं कमी दिसतं. ते उरलंय डेटा-डिस्कांपुरतं, कारण त्या कुणीतरी नंतर घाईत जोडलेल्या असतात. एफएसटॅबमधली अशी एक ओळ सबंध बूट रोखून धरते, आणि लोक मात्र ग्रब दुरुस्त करत बसतात. नेटवर्क कार्डाचं नाव बदलल्यानं मशीन उठूनही ‘मेली’ असं वाटणं हा आणखी एक प्रकार. तो बूटचा दोष नाही, कन्सोल उघडून पाहिला की कळतो.

फर्मवेअरचा अध्याय इंटेलनं १९९०च्या दशकात आपल्या इटेनियम प्रोसेसरसाठी सुरू केला. तिथे बायोसचा जुना साचा चालण्यासारखा नव्हता. त्यातून ईएफआय हे नवं फर्मवेअर आलं, आणि २००५ मध्ये यूईएफआय फोरम स्थापन झाल्यावर ते सगळ्यांचं झालं. आता बूट लोडर ही फॅट पार्टिशनवरची साधी फाइल झाली, ५१२ बाइटची अडचण संपली. पण ‘कोणती फाइल चालवायची’ ही नोंद गेली मदरबोर्डच्या एनव्हीरॅममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या छोट्या मेमरीत), म्हणजे डिस्कच्या बाहेर. व्हर्च्युअल मशीनमध्ये एनव्हीरॅम ही शेजारची एक छोटी फाइल असते, आणि स्थलांतरात ती बहुधा मागेच राहते.

तशा वेळी यूईएफआय एका ठरलेल्या जागी पाहतं : ईएफआय फोल्डरातल्या बूट फोल्डरातली बूटएक्स६४ ही फाइल. विंडोज तिथे आपली प्रत ठेवतं. रेड हॅट घराण्यात त्या जागी शिम हा छोटा लोडर असतो आणि तो हरवलेली नोंद स्वतःच पुन्हा लिहितो. डेबियन मात्र बरीच वर्षं आपणहून तिथे काही ठेवत नव्हतं, म्हणून डेबियनची निरोगी मशीनसुद्धा यूईएफआयच्या शेलवर येऊन थांबते. फर्मवेअरच्या मेनूतून फाइल हातानं निवडून एकदा बूट करायचं आणि मग ग्रब त्या ठरलेल्या जागीही बसवायचा, एवढंच काम असतं.

याहून साधी आणि सर्रास होणारी चूक म्हणजे यूईएफआयची डिस्क बायोसच्या मशीनला जोडणं किंवा उलट. डिस्कवर काहीही करण्याआधी हे एक सेटिंग पाहावं. हायपर-व्हीत २०१२ आर२ पासून पहिली आणि दुसरी पिढी असा भेद आहे, आणि मशीन तयार केल्यावर पिढी बदलता येत नाही, नवी मशीन करून डिस्क जोडावी लागते.

डिस्क-फाइलींच्या स्वरूपांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. व्हीएमडीके, व्हीएचडी, क्यूकाऊ२ यांतलं रूपांतर क्यूईएमयूचं साधन बिनचूक करतं. २००९ मध्ये ओव्हीएफ हे प्रमाण ठरलं आणि मशीनचं वर्णन एकसारखं लिहिता आलं. दोन्हींनी आतल्या ड्रायव्हरला हात लावला नाही. ते काम रेड हॅटमध्ये घडलेल्या व्हर्ट-व्हीटूव्हीनं अंगावर घेतलं. ते डिस्क उघडतं, आतली सिस्टिम ओळखतं, विंडोजच्या रजिस्ट्रीत व्हर्टआयओची नोंद करतं, लिनक्सचा संग्रह नव्यानं बांधतं. २०१४ मध्ये ते ओकॅमल भाषेत पुन्हा लिहिलं गेलं. स्थलांतर म्हणजे रूपांतर अधिक शस्त्रक्रिया, हे मान्य करणारं हे साधन मला या सगळ्या इतिहासात सर्वांत प्रामाणिक वाटतं.

अशा साधनांची गरज मधल्या काळात वाढतच गेली. २०१७ मध्ये अॅमेझॉननं आपल्या क्लाउडमध्ये झेनवरून नायट्रो या स्वतःच्या हायपरव्हायजरकडे वळायला सुरुवात केली, तेव्हा जुन्या इमेजना एनव्हीएमई (डिस्क) आणि ईएनए (नेटवर्क) ड्रायव्हर नसल्यानं नव्या इन्स्टन्सवर उठता येईना. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर घेतलं, महिन्याभरात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबली, आणि अनेक संस्थांनी बस्तान हलवायला घेतलं. केव्हीएमवर आधारलेल्या प्रॉक्समॉक्सच्या एप्रिल २०२४ मधल्या ८.२ आवृत्तीत व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयवरून थेट मशीन ओढणारा विझार्ड आला. डिस्क तो आणतो, विंडोजचे ड्रायव्हर मात्र आधीच बसवून ठेवायचं काम अॅडमिनचंच राहतं.

आताची नवी गुंतागुंत सिक्युअर बूट (फक्त सही असलेला लोडर चालू देणारी सोय) आणि आभासी टीपीएमची (किल्ल्या जपणाऱ्या चिपची) आहे. बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) किल्ली टीपीएममध्ये बांधलेली असेल, तर नव्या जागी विंडोज रिकव्हरी की मागतं. ती हाताशी नसेल तर मशीन हलवूच नये, किंवा आधी बिटलॉकर स्थगित करावं. सिक्युअर बूटची प्रमाणपत्रंही एनव्हीरॅममध्ये राहतात. मायक्रोसॉफ्टच्या २०११ च्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते आणि त्यांची जागा २०२३ ची प्रमाणपत्रं घेतात. मुदत संपली म्हणून जुना लोडर त्या दिवशी अडत नाही. पण एखाद्या मशीनच्या एनव्हीरॅमचा साचा जुनाच असेल आणि तिच्यातला लोडर फक्त नव्या सहीचा असेल, तर तिथे सहीच्या कारणानं बूट नाकारलं जाईल. तेव्हा डिस्क, कंट्रोलर, ड्रायव्हर सगळं जागेवर असेल, आणि तपासायला हवा असेल तो नव्या प्लॅटफॉर्मवरच्या प्रमाणपत्रांचा संच.