जर्मनीतल्या जावयाने नोकरी बदलली? फॅमिली व्हिसाची फाईल द्यायच्या आधी हे वाचा

लग्न झालं, सर्टिफिकेट हातात आलं, मुलीचा पासपोर्ट तयार आहे आणि नेमकी तेव्हाच तिकडे जावयाने कंपनी बदलली. व्हिसाच्या कागदांसाठी आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "जुन्या कंपनीच्या कागदांवर आत्ता अर्ज टाकून देऊया का? नवीन कागद नंतर बघू." टाकू नका.

कारण सांगतो. अर्ज मुंबईच्या जर्मन वकिलातीकडे जातो हे खरं, पण तिथून तो नवरा राहतो त्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयाकडे पाठवला जातो. तिकडे गेलेली मंडळी त्याला नुसतं 'फॉरेनर्स ऑफिस' म्हणतात. नवऱ्याची सगळी नोंद त्याच ऑफिसात असते. आता अशी फाईल डोळ्यांपुढे आणा: नेमणूक करार स्टुटगार्टच्या जुन्या कंपनीचा, पगाराच्या तीन स्लिपांपैकी दोन जुन्या आणि एक नवीन, पत्त्याची नोंदणी म्युनिकची. तिकडचा अधिकारी पहिलं पान उलटतो न उलटतो तोच त्याला फरक दिसतो. मग खुलासा मागणारं पत्र येतं, त्याला उत्तर द्यायचं, पुन्हा वाट बघायची. मुळातच महिने लागणारं काम आणखी लांबतं. शहर बदललं असेल तर फाईल या ऑफिसातून त्या ऑफिसात जाते, तो वेळ वेगळाच.

म्हणून आधी नवऱ्याची बाजू निस्तरायची. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांना तिकडे नोकरीसाठी मिळणारा परवाना, मिळून 12 महिने झाले नसतील तर नोकरी बदलल्याचं फॉरेनर्स ऑफिसला कळवावंच लागतं. अटी बसतात का हे तपासायला ऑफिस तो बदल 30 दिवसांपर्यंत रोखून धरू शकतं, आणि बसत नसतील तर नाकारूही शकतं. 12 महिने उलटले असतील तर ही अडचण नाही. ब्लू कार्ड नसून साधं वर्क परमिट असेल तर त्या परमिटच्या कार्डासोबत मिळालेला घडीचा कागद उघडून वाचा. त्यावर मालकाचं नाव छापलेलं असेल तर परवानगी आधी, नवी नोकरी नंतर. पुष्कळांनी तो कागद मिळाल्या दिवसापासून उघडलेला नसतो.

पगारही बघा. ब्लू कार्डाची किमान मर्यादा 2025 साली वर्षाला 48,300 युरो होती, माणसांची टंचाई असलेल्या व्यवसायांसाठी 43,759.80. ती दरवर्षी बदलते. नवीन नोकरी घराजवळची असली आणि पगार या रेषेखाली गेला, तर ब्लू कार्डच धोक्यात येतं. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला जर्मन भाषेची ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पायरीची, परीक्षा लागत नाही, त्या सवलतीचाही प्रश्न मग उभा राहतो.

नवीन कंपनीच्या तीन महिन्यांच्या स्लिपा हातात आल्या की फाईल द्या, हा आमचा सल्ला. प्रोबेशनमध्ये अर्ज करूच नये असा नियम नाही. पण काही शहरांतली ऑफिसं पगार टिकेल याची खात्री मागतात, आणि प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असू शकतं. इथे काही जण आमच्यावर नाराज होतात. "फी घेताय, मग फाईल अडवता कशाला?" असं तोंडावर ऐकवतात. अडवतो खरं. कच्ची फाईल पाठवून वकिलातीची 75 युरो फी तुम्ही भरायची आणि वर खुलाशांची पत्रं आम्ही लिहीत बसायची, हे आम्हाला जमत नाही.

अर्ज आधीच गेला असेल आणि मग नोकरी बदलली, तर घाबरून दुसरा अर्ज भरू नका. पहिल्या अर्जाचा क्रमांक घालून नवीन करार वकिलातीला पाठवा, आणि नवऱ्यानेही तिकडे कळवावं. हे पत्र आम्ही आमच्या ग्राहकांना जादा पैसे न घेता लिहून देतो.

जाता जाता एक. लग्नानंतर पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचंच राहिलं तरी व्हिसा अडत नाही. सासरच्या हौसेपायी ऐनवेळी नाव बदलायला काढू नका. आणि बायको तिकडे नर्स, नवरा इकडे शिरोली एमआयडीसीत, अशी जोडी असली तरी वरचं सगळं तसंच लागू. जोडीदाराला तिथे पोचल्यावर परमिट मिळालं की नोकरी करायची मुभा असते, हे सुनेला पाठवायला कचरणाऱ्या घरांनी मुद्दाम लक्षात घ्यावं.

येताना नवीन करार, त्या घडीच्या कागदाचा दोन्ही बाजूंचा फोटो, आहेत तेवढ्या स्लिपा आणि नवीन पत्त्याची नोंदणी आणा. पहिल्या तपासणीचे पैसे नाहीत. नवऱ्याला व्हिडिओ कॉलवर घ्यायचं असेल तर संध्याकाळी साडेसातनंतरची वेळ मागा. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, तेव्हा तिकडे जेमतेम दुपारचे तीन वाजलेले असतात. म्हणून ऑफिसात असेल तर त्याला आधी सांगून ठेवा.