बूगी विथ कॅन्ड हीट

लॉस एंजेलिसच्या कॅन्ड हीट या ब्लूज-रॉक बँडचा दुसरा अल्बम. लिबर्टी रेकॉर्ड्सने तो १९६८ च्या सुरुवातीला काढला. आदल्या वर्षीच्या पहिल्या अल्बममध्ये बँडने जुन्या ब्लूज गायकांचीच गाणी वाजवली होती. यात बहुतेक गाणी स्वतःची आहेत. अर्थात 'स्वतःची' हा शब्द जरा सैलच धरावा लागतो. बँड काढणारे बॉब हाइट आणि अ‍ॅलन विल्सन हे दोघेही जुन्या तबकड्यांचे वेडे. बँडचे नावसुद्धा मिसिसिपीचा जुना ब्लूज गायक टॉमी जॉन्सन याच्या १९२८ मधल्या तबकडीवरून घेतलेले.

'ऑन द रोड अगेन' या गाण्याचेच पाहा. ते बेतले आहे शिकागोचा ब्लूज गायक फ्लॉइड जोन्स याच्या गाण्यावर आणि जोन्सचे मूळ पुन्हा टॉमी जॉन्सनपाशीच निघते. विल्सनने त्याखाली तंबोरा धरला. वर त्याचा बारीक, चिरका म्हणावा असा फॉल्सेटो, म्हणजे वरच्या पट्टीतला खोटा आवाज, आणि माउथ ऑर्गन. हवा तो स्वर मिळेना म्हणून त्याने माउथ ऑर्गनची एक पत्ती अर्ध्या स्वराने चढवून घेतली होती. त्या काळी रॉकमध्ये भारतीय वाद्ये पुष्कळदा नुसती शोभेला असत. इथे तसे होत नाही, कारण एकाच सुरावर रेंगाळत राहणे डेल्टा ब्लूजच्या, म्हणजे मिसिसिपीकडच्या जुन्या ब्लूजच्या, अंगातच होते. हे गाणे अमेरिकेत १६ व्या आणि ब्रिटनमध्ये ८ व्या क्रमांकापर्यंत चढले.

'माय क्राइम'मागे १९६७ मध्ये डेन्व्हरला अमली पदार्थांवरून झालेली बँडची अटक आहे. त्याच अल्बममध्ये 'अ‍ॅम्फेटामीन अ‍ॅनी' नशेपायी जीव जाईल म्हणून बजावते! ड्रमवादक फितो दे ला पारा पहिल्यांदा याच अल्बमवर वाजला. 'टर्पेंटाइन मोन'मधला पियानो शिकागोच्या सनीलँड स्लिमचा.

शेवटची 'फ्राइड हॉकी बूगी' ११ मिनिटे चालते. एकेकाला सोलोची पाळी मिळते, पण खालचा ठेका सरळसरळ ब्लूज गायक-गिटारवादक जॉन ली हूकरचा. पुढे १९७० मध्ये बँडने खुद्द हूकरबरोबरच 'हूकर अँड हीट' हा अल्बम मुद्रित केला. तो १९७१ मध्ये बाजारात येण्याआधीच, सप्टेंबर १९७० मध्ये, विल्सन वयाच्या २७ व्या वर्षी गेला. 'हूकर अँड हीट'च्या मुखपृष्ठावर मंडळी खोलीत जमलेली दिसतात. विल्सन मात्र भिंतीवरच्या फोटोच्या चौकटीत आहे.